तोंडी संमती

२० सप्टेंबर २०२४, शुक्रवार
अल गराफा

घटना ज्या क्रमाने घडल्या त्याच क्रमाने मांडते. मतांना जागा नंतर.

पहिली गोष्ट. मी एका लहान युरोपीय देशाच्या दोहा येथील दूतावासात मानवी हक्क या विषयाची स्थानिक सल्लागार आहे. 'स्थानिक' म्हणजे मसुदे मी लिहायचे आणि सह्या इतरांनी करायच्या. दुसरी गोष्ट. गेल्या रविवारी राजधानीतून सूचना आली की, धर्मस्वातंत्र्य आणि अल्पसंख्याकांचे हक्क या विषयावरील वार्षिक संवाद नोव्हेंबरात येथे होईल, त्यासाठी विशेष दूत येतील आणि चर्चेच्या दस्तऐवजात प्रत्यक्ष जीवनातले एखादे उदाहरण असावे. तिसरी. सोमवारी उपराजदूतांनी ते उदाहरण शोधण्याचे काम माझ्यावर सोपवले. चौथी. मला ते शोधावे लागले नाही. शहराच्या पश्चिमेला, मुऐदर या उपनगरात गिरीशराव आणि सरोजवहिनी यांच्या घरी दत्ताची आरती होते. ती व्हायला हवी गुरुवारी. पण गुरुवारी सगळ्यांना कचेऱ्या असतात, म्हणून येथे दत्ताचा गुरुवार शुक्रवारी येतो, सकाळी, रस्ते रिकामे असताना. पाचवी. ते घर गिरीशरावांच्या घरमालकाचे आहे, आणि गिरीशरावांचा निवासपरवानाही त्याच गृहस्थांच्या कंत्राटी कंपनीवर आहे. निवृत्तीचे वय उलटून गेल्यावरही त्यांनी गिरीशरावांना सल्लागार म्हणून ठेवून घेतले आहे. सहावी. ख्रिस्ती लोकांना येथे राखीव संकुलात चर्चे आहेत. आम्हांला तशी नोंदणीकृत जागा नाही. घराच्या चार भिंतींत, आवाज न करता, कोणी अडवत नाही.

'कोणी अडवत नाही' ही कायद्यातली अवस्था नव्हे. माझा संपूर्ण प्रबंध या एका फरकावर उभा होता.

आज तेथे गेले होते. अजून कोणाजवळ काही बोललेले नाही. आरती नेहमीप्रमाणे बेसूर झाली. एकाही जोडाक्षराचा उच्चार धड होत नाही आणि त्याची कोणालाही खंत नाही.

२४ सप्टेंबर, मंगळवार

मसुद्याची पहिली बैठक. दोन तास केवळ क्रियापदांवर गेले. दूरच्या आणि गरीब देशांबद्दल आम्ही 'निषेध करतो'. मधल्या देशांबद्दल 'चिंता व्यक्त करतो'. ज्यांचा नैसर्गिक वायू आम्ही विकत घेतो त्यांना आम्ही 'प्रोत्साहन देतो'. मी पाच वर्षे ही उतरंड पाहत आले आहे. पूर्वी वाद घालत असे. आता दस्तऐवजात त्या त्या ठिकाणी योग्य क्रियापद आधीच घालून ठेवते आणि उपराजदूत त्याबद्दल माझे कौतुक करतात. त्या वायूच्या प्रकल्पावर माझा नवरा कौशिक अभियंता आहे, हे वाक्य मी येथे निव्वळ पूर्णतेसाठी लिहीत आहे.

उपराजदूत म्हणाल्या की उदाहरण सकारात्मक असावे; तक्रारीचे नको, यजमान देशाच्या सहिष्णुतेचे असावे. मी सांगितले की सहिष्णुता म्हणजे हक्क नव्हे. त्या म्हणाल्या, ते तुम्ही सातव्या परिच्छेदात लिहा.

लिहीन. निदान एक परिच्छेद तरी माझा असेल.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

मुऐदर. त्या घराचे काही नियम आहेत आणि ते कोणी कधी सांगत नाही. नवा माणूस इतरांकडे पाहून शिकतो. चपला दाराबाहेर ठेवायच्या नाहीत. प्रत्येक जण पिशवी आणतो आणि आपल्या चपला तीत घालून आत नेतो, म्हणजे बाहेरून ढीग दिसत नाही. टाळांना रुमाल बांधलेले असतात. गाड्या एका ओळीत लावायच्या नाहीत. काही मशिदीच्या अलीकडे, काही किराणा दुकानापाशी. निरोप फोनवर लिहून पाठवायचा नाही. घरमालक शुक्रवारी सकाळी कधीही त्या बाजूला फिरकत नाहीत, आणि दत्तजयंतीच्या सुमारास खजुराची पेटी पाठवतात. कसला दिवस आहे ते विचारत नाहीत, आणि गिरीशरावही सांगत नाहीत.

सुशिक्षित माणसांनी इतक्या वर्षांत याला व्यवस्था मानावे, याचे मला नवल वाटते. ही व्यवस्था नव्हे. ही सवय आहे.

आरतीनंतर गिरीशरावांनी घेवड्याची भाजी वाढता वाढता नेहमीची चेष्टा केली. ते मला माझ्या नावाने हाक मारत नाहीत.

"काय हो युरोप, भाजी चालेल ना? का ठराव करावा लागेल?"

सगळे हसले. मयूर, तो आयटीतला कंत्राटावर आलेला मुलगा, म्हणाला की पूर्णिमाताई आधी भाजीबद्दल चिंता व्यक्त करतील. तेही हसण्यावारी नेले.

मी सरोजवहिनींना स्वयंपाकघरात गाठले आणि विषय सरळ मांडला: दस्तऐवजात या मेळाव्याचा उल्लेख, नावांशिवाय, आणि विशेष दूत आले तर कदाचित एक भेट. त्या भांडी विसळत होत्या. पाणी चालूच होते. मग म्हणाल्या, "या ना. चहाला या. घर तुझंच आहे." आणि लगेच रुचाचा विषय काढला. त्यांची मुलगी येथेच दिली आहे, फेब्रुवारीत तिचे पहिले बाळंतपण आहे, डिंक नाशिकहून मागवला आहे, मेथ्या येथे चांगल्या मिळतात.

संमती मिळाली. अपेक्षेपेक्षा सोपे गेले.

६ ऑक्टोबर, रविवार

नस्तीत नोंद केली: 'यजमान कुटुंबाकडून तोंडी संमती प्राप्त, ४ ऑक्टोबर.'

हनियाने ती वाचली. हनिया आमची अरबी भाषांतरकार, मूळची अम्मानची, बुद्धीने बरी. मात्र दस्तऐवजापेक्षा माणसांच्या चेहऱ्यांवर अधिक विश्वास ठेवते. तिने विचारले की ती बाई 'हो' म्हणाली का. मी तिला शब्द सांगितले. ती म्हणाली, माझी आईही असेच म्हणते, आणि पाहुणे गेले की दार लावून रडते. मी तिला सांगितले की आपल्याला तिच्या आईचे नव्हे, सरोजवहिनींचे उत्तर नोंदवायचे आहे.

सातवा परिच्छेद आज पूर्ण झाला. त्यात एकही नाव नाही. पश्चिमेकडील उपनगर, पश्चिम भारतातील कुटुंबे, शुक्रवार सकाळ, त्रिमूर्ती देवता, पिशवीतल्या चपला, रुमाल बांधलेले टाळ. तपशिलाशिवाय परिच्छेद निर्जीव होतो. चार वेळा वाचला. एक स्वल्पविराम काढला, पुन्हा घातला.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

विशेष दूतांना परिच्छेद आवडला. त्यांना तेथे जायचे आहे. ८ नोव्हेंबर, शुक्रवार, त्यांच्या दौऱ्याचा शेवटचा दिवस.

सरोजवहिनींना फोन केला. त्यांनी आधी कौशिकची चौकशी केली, मग माझ्या पाठदुखीची. मग म्हणाल्या की नोव्हेंबरात त्यांच्याकडे पाहुणे आहेत बहुतेक. मी विचारले, कोण. त्या म्हणाल्या, अजून ठरायचे आहे. मग त्यांनी स्वतःहून वेगळे सुचवले: सगळ्यांनी मिळून समैस्म्याला जावे, समुद्रावर, डबे घेऊन, तुझ्या साहेबांना तिथेच भेटव, हवाही छान असते.

मी समजावून सांगितले की किनाऱ्यावर डबे खाणारी माणसे म्हणजे धर्मस्वातंत्र्य नव्हे. भेट उपासनेच्या जागीच व्हायला हवी. दिसणे हेच संरक्षण असते. ज्या समूहाकडे जगाचे लक्ष आहे त्याला कोणी सहज हात लावत नाही. हे मी त्यांना चांगले तपशीलवार सांगितले, उदाहरणांसह. त्यांनी सगळे ऐकून घेतले. शेवटी म्हणाल्या, "तू म्हणशील तसं. तू शिकलेली आहेस."

आपल्या लोकांत स्पष्ट बोलण्याचा अभाव आहे, ही माझी जुनी तक्रार आहे; परंतु शेवटी विवेकाची बाजू त्यांना पटते हेही नमूद केले पाहिजे.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

लक्ष्मीपूजन. दाराशी दोन पणत्या लावल्या. आज मुऐदरला माणसे फारच कमी होती. गेल्या शुक्रवारीही कमीच होती. मयूर आला नाही. कंत्राट संपण्याच्या बेतात आहे म्हणे, धावपळ असेल. गिरीशरावांनी चेष्टा केली नाही. मला 'पूर्णिमा' म्हणाले. बरे वाटले, उगाच वाढवलेली थट्टा मला आवडत नाही.

परत येताना गाडीत कौशिकने एकच विचारले: ही भेट रद्द करता येणार नाही का. मी सांगितले की राजधानीतून मंजूर झालेला कार्यक्रम आहे. त्याने रेडिओ लावला. तो दमलेला असतो. मीही दमलेली असते. आम्ही दोघे गेली काही वर्षे एकमेकांना आपापल्या दमण्याची वार्ता देत असतो, बाकी संभाषण नाही.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

जे घडले ते राग बाजूला ठेवून लिहिण्याचा प्रयत्न करते.

आम्ही दोन गाड्यांनी गेलो. विशेष दूतांच्या गाडीवर ध्वज होता. तो काढण्याची सूचना हनियाने वाटेत केली. पण मान्यवर अधिकृत भेटीवर असताना ध्वज काढणे शिष्टाचारात बसत नाही, आणि तो लपवावा असे काही आम्ही करीत नव्हतो. हनिया गाडीतच बसून राहिली.

आत गिरीशराव, वहिनी आणि दोन वयस्क जोडपी. बाकी कोणी नाही. दिवाणखान्यात टेबल मांडलेले, त्यावर चिवडा, करंज्या, कागदी बशा. एखाद्या सोसायटीच्या चहापानासारखे. उदबत्तीचा वाससुद्धा नव्हता. दत्ताच्या पादुका ज्या खोलीत असतात तिच्या दारावर पडदा ओढलेला आणि पडद्यापुढे इस्त्रीचे टेबल, त्यावर कपड्यांची चळत.

विशेष दूत सौजन्यमूर्ती. त्यांनी करंजीची स्तुती केली, गिरीशरावांना विचारले की येथे उपासना करण्यात काही अडचण येते का. गिरीशराव म्हणाले, "नो नो, एव्हरीथिंग इज व्हेरी नाइस हिअर." त्यांनी विचारले, उपासना कोठे होते. गिरीशराव म्हणाले, हृदयात. आणि हसले.

मला असह्य झाले. दीड महिन्याचे काम, एका समाजाचा मूलभूत हक्क, आणि हे लोक चिवडा दाखवत होते. सातव्या परिच्छेदातला शब्द न् शब्द खोटा ठरत होता. त्या दूतांना वाटले असते की मी ते सगळे रचले. मी इस्त्रीचे टेबल बाजूला केले आणि पडदा सारला.

पादुका तेथेच होत्या. त्यांवर रेशमी रुमाल घातलेला होता. तोही मीच काढला.

विशेष दूतांनी आत येऊन छातीवर हात ठेवून मान लववली. ते खरोखर हेलावले होते. त्यांच्या सहायकाने छायाचित्र घेतले. चेहरे येणार नाहीत याची मी स्वतः खात्री केली, फक्त पादुका, समई आणि खिडकी. वहिनी पदर सावरून भिंतीशी उभ्या होत्या. पादुकांकडे पाहत नव्हत्या. खिडकीतून बाहेर पाहत होत्या. बाहेर नमाजाहून परतणारी माणसे ध्वजाच्या गाडीपाशी थांबत होती, मुले काचेवर हात ठेवून आत डोकावत होती.

निघताना वहिनींनी उरलेल्या करंज्या डब्यात भरून मला दिल्या. एवढ्या गोंधळातही त्यांना आतिथ्य सुटत नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

छायाचित्र दूतावासाच्या पानावर लागले. त्याखालच्या मजकुरात दोन चुका होत्या. त्या मी दुरुस्त करून घेतल्या.

आता दोन दिवस झोपावे असे वाटते.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

गिरीशरावांनी फोन करून आज येऊ नका असे सांगितले, कारण सांगितले नाही. मला दस्तऐवजाची छापील प्रत त्यांना द्यायची होती, म्हणून मी तरीही गेले. दिवाणखान्यात घरमालक बसलेले होते. शुक्रवारी सकाळी. ते सत्तरीचे आहेत, पांढरा शुभ्र पायघोळ थोब, हातात जपमाळ, आणि त्यांच्या पिढीतल्या पुष्कळ लोकांसारखे हिंदी बोलतात. गिरीशराव त्यांना हाजीसाहेब म्हणतात. पुढे कहवा होता, त्याला कोणी हात लावलेला नव्हता. मला पाहून ते उठून उभे राहिले, पुन्हा बसले, आणि बोलणे होते तेथून पुढे चालू केले. आवाज अजिबात चढवला नाही.

"गिरीश, मैं इतना साल कुछ नहीं देखा. मैं नहीं देखा, इसीलिए सब ठीक था. अब झंडा का गाड़ी आया, फोटो आया, मेरा भाई लोग पूछता है तेरे घर में क्या है. अब मैं देखेगा. देखेगा तो बोलना पड़ेगा."

गिरीशराव म्हणाले, "समझता हूँ, हाजीसाहेब."

त्यांनी सांगितले की मुलाचे लग्न आहे, घराची डागडुजी काढायची आहे, महिनाअखेर घर मोकळे हवे. आणि कंपनीतल्या वयस्क लोकांचे परवाने यंदा नव्याने होणार नाहीत. वर्षअखेरीपर्यंत आहे, मग खलास. हे सांगताना ते गिरीशरावांकडे नव्हे, जपमाळेकडे पाहत होते. निघताना त्यांनी गिरीशरावांचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मी नंतर गिरीशरावांना समजावले की हे आपल्याला हवे तसे स्पष्ट प्रकरण आहे: उपासनेच्या कारणावरून निवासाचा हक्क जाणे. प्रतिशोधाची कारवाई म्हणून ते दस्तऐवजात जोडता येईल. गिरीशराव म्हणाले, "पूर्णिमा, तो माणूस आमच्या घरी येऊन रडायचा बाकी राहिला होता. त्याला तुम्ही कुठे जोडणार?"

प्रत टेबलावर ठेवून आले.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

संवाद पार पडला. अंतिम दस्तऐवजात सातवा परिच्छेद नाही. सहावा आहे, आठवा आहे. क्रमांक सुधारून घेण्याचे कामही मलाच दिले. उपराजदूतांचे म्हणणे: भेट झाली, छायाचित्र झाले, संदेश पोहोचला, लिखित स्वरूपात ठेवण्याने वायूच्या दीर्घकालीन पुरवठ्याच्या वाटाघाटींत अनावश्यक ताण आला असता. राजधानीत सगळे समाधानी आहेत. विशेष दूतांनी माझ्यासाठी स्वहस्ते आभाराचे पत्र पाठवले आहे, त्यात करंजीचा उल्लेख आहे.

मी गिरीशरावांच्या परवान्याचा विषय काढला. उपराजदूतांनी अत्यंत सहानुभूतीने ऐकले. म्हणाल्या, वैयक्तिक नोकरीच्या बाबी आपल्या कार्यकक्षेत येत नाहीत. शिवाय घरमालक आणि भाडेकरू यांच्यातला हा खाजगी प्रश्न दिसतो.

मी संरक्षणाचे निवेदन लिहिले, सादर केले. पोच मिळाली.

हनियाने दुपारी माझ्या टेबलावर चहा आणून ठेवला आणि काहीही न बोलता गेली. तिने काही बोलायला हवे होते. मी प्रतिवाद तयार ठेवला होता.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

मुऐदरचे घर रिकामे झाले. मदतीला गेले होते, पण बांधाबांध आदल्या दिवशीच उरकली होती. गिरीशराव आणि वहिनी महिनाभर रुचाकडे राहतील, मग नाशिक. पादुका कोठे गेल्या ते विचारले. वहिनी म्हणाल्या, "आहेत व्यवस्थित."

त्यांच्याबरोबर पायरीवर बसले. मी सांगितले की हे काही कायमचे नव्हे. भेटीच्या व्हिसावर महिनाभर येता येते, फेब्रुवारीत रुचाच्या बाळंतपणाला त्यांना येता येईल. त्या म्हणाल्या, "हो, येईन ना. पाहुणी म्हणून येईन." मग विचारले की तुझी पाठ कशी आहे.

मी त्यांना सांगितले की माझा हेतू संरक्षणाचा होता. त्या म्हणाल्या, "मला माहीत आहे गं." अशा तऱ्हेने बोलल्या की पुढे काही सांगण्याची सोय उरली नाही.

दोष कोणाचा, याचा मी नीट विचार केला आहे. राजधानीने कच खाल्ली. घरमालकाने धैर्य दाखवले नाही. गिरीशरावांनी त्या दिवशी 'अडचण आहे' असे एक वाक्य उच्चारले असते, तर सातवा परिच्छेद कोणालाही काढता आला नसता. इतक्या माणसांतून एकानेही आपली भूमिका लेखी का दिली नाही?

१४ डिसेंबर, शनिवार

दत्तजयंती. कोणाचाही फोन नाही. मी धरून चालले की यंदा काही नसेल. घर नाही, यजमान निघण्याच्या गडबडीत, माणसे पांगलेली. घरीच दत्ताच्या तसबिरीला हार घातला. एकटीने आरती म्हटली, सर्व जोडाक्षरे शुद्ध. ती फार लवकर संपली.

कौशिक संध्याकाळी कामाचे निमित्त सांगून गेला होता. परतला तेव्हा त्याने माझ्या हातावर कागदाची पुडी ठेवली. सुंठवडा होता.

मी विचारले, कोठून.

तो म्हणाला, "झाली आरती. जागा विचारू नकोस, मी सांगणार नाही." मग थोड्या वेळाने, खुर्चीत बसून, बुटांचे बंद न सोडताच बोलला. घर सुटल्यापासून तो दर शुक्रवारी जातो. गिरीशराव येतात, वहिनी येतात, मयूरही येतो. दर वेळी घर वेगळे असते.

मी विचारले की मला सांगू नये असे कोणी ठरवले. कोणाचे म्हणणे काय होते, शब्दशः.

"कोणी काहीच ठरवलं नाही, पूर्णिमा. कोणी काही म्हटलंही नाही. नुसतं तुझं नाव निघालं की सगळे चहा आणायला उठतात."

मी म्हटले, म्हणजे मनाई नाही.

त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिले. रागाने नाही. राग असता तर मला काही करता आले असते. मग म्हणाला, "सुंठवडा वहिनींनी दिलाय. तुझ्यासाठी वेगळा बांधून दिला." आणि कपडे बदलायला आत गेला.

सुंठ जरा जास्त झाली आहे. त्यांच्या हातून नेहमीच होते. सगळा खाल्ला.

१७ डिसेंबर, मंगळवार

दोन दिवस कार्यालयात काम सुचले नाही. पुढील वर्षाच्या संवादाचा आराखडा मागितला आहे. उदाहरण पुन्हा हवे आहे. मी 'प्रोत्साहन देतो' पर्यंत लिहिले आणि थांबले.

त्यापेक्षा हे पत्र लिहिले. वहिनी शनिवारी जाणार, म्हणून उद्या कौशिकच्या हाती देईन. तो नेईल की नाही ते सांगितलेले नाही. त्याने नेलेच पाहिजे. मजकूर नोंदीसाठी येथे उतरवून ठेवते.

सौ. सरोजवहिनी यांस,
सा. न. वि. वि.

मुऐदरच्या घरी मी पाच वर्षे येत होते. या काळात मला कोणी 'या' असे निमंत्रण दिले नव्हते आणि 'येऊ नका' असेही कधी सांगितले नव्हते. मी येत होते आणि मला भाजी वाढली जात होती. गेले काही शुक्रवार आरती अन्यत्र होत असून मला त्याची कल्पना दिलेली नाही, असे समजले. याबद्दल माझी तक्रार नाही. माझा प्रश्न आहे.

कौशिकच्या म्हणण्यानुसार कोणी काही ठरवलेले नाही. ही अवस्था मला मान्य नाही. न ठरवलेल्या गोष्टीविरुद्ध दाद मागता येत नाही, आणि तिचे पालनही करता येत नाही. मी गाडी कोठे लावायची, कोणत्या दारी यायचे, की घरीच बसायचे, हे मला माहीत असले पाहिजे. आपण नाशिकला गेल्यावर हे सांगू शकेल असे येथे माझे कोणी उरणार नाही.

माझ्या हातून काय झाले असे आपणा सर्वांचे मत आहे, तेही कळावे. मी ते वाचीन. दुरुस्त्या करणार नाही.

मी यावे, किंवा येऊ नये: दोहोंपैकी एक शब्द पुरेसा आहे. तो शुक्रवारपर्यंत, आपल्या हस्ताक्षरात, मला लेखी कळवावा. चहाचे आमंत्रण, प्रकृतीची चौकशी किंवा कौशिकच्या हाती पाठवलेला डबा हे उत्तर म्हणून ग्राह्य धरले जाणार नाही.

कळावे,
पूर्णिमा